व्यायाम सुरू केला आणि थकवा वाढला!

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी अवसरी बुद्रुक, मंचर, घोडेगाव या परिसरातील रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढू लागते. यातली बरीच मुले नुकतीच बारावी झालेली असतात, काही तर अजून शाळेतच असतात. पहिले दोन दिवस उत्साहात जातात. तिसऱ्या दिवशी पायरी उतरताना मांड्या भरून येतात. आठवडा संपतो न संपतो तोच वर्गात पेंग येऊ लागते, संध्याकाळी अभ्यासाला बसवत नाही आणि पहिल्या दिवशी जेवढे अंतर सहज धावलो, तेवढेही आता जड जाते. घरची माणसे म्हणतात, "अंगात अशक्तपणा आलाय, बंद कर ते पळणं." बरोबरीची मुले म्हणतात, "लॅक्टिक ॲसिड साठलंय, आणखी पळ म्हणजे मोकळं होईल." शेवटी प्रश्न शिक्षकांपाशी येतो : "सर, व्यायामाने ताकद वाढते ना? मग माझी कमी का झाली?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण 'थकवा' या एकाच शब्दाखाली आपण पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी घालतो. त्यांतल्या काही स्वाभाविक असतात आणि आपोआप सरतात. काही मात्र शरीराने दिलेल्या धोक्याच्या सूचना असतात. हा फरक मुलांना कळणे महत्त्वाचे आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही तरुण उमेदवार कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढे या चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. आता शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले तरी तयारी कशी करावी हा प्रश्न उरतोच.

थकतो तो स्नायू की मेंदू?

थकव्याचे मोजमाप करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न इटलीतील तुरिन येथील शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी केला. त्यांनी एक साधे यंत्र तयार केले. हात फळीवर घट्ट बसवायचा, मधल्या बोटाला दोरी बांधून तिच्या टोकाला वजन लावायचे आणि ठरावीक वेळाने ते बोटाने ओढायचे. प्रत्येक वेळी वजन किती उचलले गेले याची रेघ फिरत्या कागदावर उमटे. रेघा हळूहळू आखूड होत जात आणि अखेर बोट हलेनासे होई. १८९१ साली मोसो यांचे थकव्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यांचा एक प्रयोग शिक्षकांना विशेष जवळचा वाटेल. विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याचे बोट त्यांनी यंत्राला लावले. परीक्षेआधी ते जितके काम करी, त्याहून परीक्षेनंतर बरेच कमी काम करू शकले. बोटाने तर काहीच श्रम केले नव्हते! थकला होता तो मेंदू. २००९ साली झालेल्या एका प्रयोगातही हेच दिसले. दीड तास एकाग्रतेचे किचकट काम केलेल्या लोकांना नंतर सायकल चालवायला लावली, तेव्हा ते नेहमीपेक्षा सुमारे १५ टक्के आधी थांबले. त्यांचे हृदय आणि स्नायू पूर्वीइतकेच समर्थ होते, पण तेच श्रम त्यांना अधिक कष्टाचे वाटत होते.

म्हणजे दिवसभर शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री परीक्षेची चिंता असलेला मुलगा पहाटे लवकर दमतो, तेव्हा तो ढोंग करीत नसतो.

स्नायूंचे इंधन

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या रेणूतील ऊर्जेवर. हा रेणू स्नायूत फार साठवलेला नसतो. सगळ्या ताकदीने पळायचे झाले तर तो साठा दोन-तीन सेकंदांत संपेल. म्हणून तो सतत नव्याने तयार करावा लागतो. क्रिएटिन फॉस्फेट नावाचा दुसरा साठा आणखी काही सेकंद निभावून नेतो. १०० मीटरची धाव मुख्यतः या दोन साठ्यांवर आणि ऑक्सिजनविना होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनावर पार पडते.

१६०० मीटरला हे पुरत नाही. तेथे बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने मिळवावी लागते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनविना एटीपीचे फक्त दोन रेणू हाती लागतात, तर ऑक्सिजनच्या मदतीने सुमारे ३० ते ३२. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा ३६ किंवा ३८ दिलेला आढळतो. नंतरच्या मोजमापांनी तो खाली आला. हे काम पेशींतील तंतुकणिकांमध्ये चालते. ज्याने पूर्वी धावण्याचा सराव केलेला नाही, त्याच्या पायांच्या स्नायूंत तंतुकणिका कमी असतात आणि त्यांना रक्त पोचवणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळेही विरळ असते. त्यामुळे नवशिका जरा वेग वाढवताच ऑक्सिजनविना चालणाऱ्या खर्चिक मार्गावर जातो आणि ग्लुकोजचा साठा भराभर उधळतो.

हा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. प्रौढ माणसाच्या स्नायूंत तो सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो. लांब पल्ल्याच्या मेहनतीत तो बराच रिता होतो आणि पोटभर पिष्टमय अन्न मिळाले तरी पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो. मुले नेमकी येथे चुकतात. सकाळी धावायचे, घाईत चहा-बिस्किटे खाऊन शाळा गाठायची आणि 'वजन वाढेल' म्हणून भाकरी-भात कमी करायचा! टाकीत रोज थोडे कमी इंधन घालून गाडी रोज थोडी लांब न्यावी, तसा हा प्रकार आहे. आठवडाभरात गाडी थांबणारच. बाजरीची भाकरी, हुलग्याचे पिठले, उसळ, शेंगदाणे, गूळ, दूध, अंडी हे आपल्याकडचे अन्न यासाठी पुरेसे आहे. महागड्या भुकट्यांच्या डब्यांची गरज नाही. गरज आहे ती मेहनत वाढली की जेवण वाढवण्याची.

लॅक्टिक आम्लावरचा जुना आरोप

'पाय दुखतात कारण लॅक्टिक ॲसिड साठते' हे विधान अनेक शिक्षकही करतात. या समजाला इतिहास आहे. ऑक्सिजन न मिळणाऱ्या स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसून आले. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच लॅक्टिक आम्ल हा थकव्याचा गुन्हेगार ठरला.

पण वेळेचा हिशेब मांडला की आरोप टिकत नाही. जोरदार धावल्यावर रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. पायांचे दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. जो पदार्थ तासाभरात नाहीसा झाला, तो दोन दिवसांनी दुखणे कसे देईल? आता आपल्याला माहीत आहे की लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. जोरात धावताना स्नायूत जी जळजळ होते, तिचा संबंध त्या वेळी वाढणाऱ्या आम्लतेशी आणि इतर बदलांशी आहे. पण 'आणखी पळून आम्ल मोकळे करणे' या सल्ल्याला काही आधार नाही.

उतारावर होणारी इजा

मग दुसऱ्या दिवशीचे दुखणे कशाचे? थिओडोर हाफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच सुचवले होते की, हे दुखणे स्नायूंच्या आत होणाऱ्या बारीक फाटाफुटीमुळे असावे. पुढे सूक्ष्मदर्शकाने हे दिसून आले. सवय नसलेल्या मेहनतीने स्नायूतंतूंची सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते, तेथे सूज येते आणि त्यामुळे वेदनेच्या नसा अधिक संवेदनशील होतात.

ही इजा सर्वांत जास्त केव्हा होते? स्नायू आकुंचन पावत असतानाच बाहेरच्या भाराने ताणला जातो तेव्हा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात जात शरीराला आवर घालतो. म्हणून अवसरी घाटासारख्या चढउतारावर धावलेला मुलगा चढणीवर धापा टाकतो, पण दुसऱ्या दिवशी त्याला दुखते ते उतरणीमुळे! बैठकीत खाली जाताना आणि जोर काढताना खाली येतानाही हेच घडते.

यातली चांगली गोष्ट अशी की, स्नायू दुरुस्त होताना अधिक टणक होतो. तोच व्यायाम एक-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणे बरेच कमी असते. मात्र दुरुस्ती चालू असताना त्या स्नायूची ताकद काही दिवस खरोखरच कमी झालेली असते. 'माझी ताकद कमी झाली' ही मुलाची तक्रार अक्षरशः खरी असते, पण ती तात्पुरती असते.

रक्त पातळ होते, पण तोट्यासाठी नव्हे

नियमित धावायला लागल्यावर पहिल्या काही दिवसांतच शरीर एक बदल करते. रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, साधारण १० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी मात्र इतक्या लवकर वाढत नाहीत. त्यांना काही आठवडे ते महिने लागतात. याचा परिणाम आकडेमोडीने पाहू.

समजा, एखाद्याच्या शरीरात ५ लिटर रक्त आहे. त्यात रक्तद्रव २.७५ लिटर आहे. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला १४ ग्रॅम, म्हणजे एकूण ७०० ग्रॅम आहे. रक्तद्रव १० टक्क्यांनी वाढला की एकूण रक्त ५.२७५ लिटर होईल. हिमोग्लोबिन तेवढेच ७०० ग्रॅम राहील, पण तपासणीत ते सुमारे १३.३ दिसेल. शरीरातून काहीच गेलेले नाही, उलट रक्त वाढले आहे. प्रत्येक ठोक्याला हृदय अधिक रक्त ढकलू शकते आणि घाम येण्यासाठी पाण्याचा साठाही वाढतो. अशा किंचित घसरणीला खेळाडूंची खोटी रक्ताल्पता म्हणतात.

आणि खरी रक्ताल्पता

पण आपल्या मुलींच्या बाबतीत 'खोटी असेल' असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, रक्ताल्प आढळल्या.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्त सुमारे १८.८ मिलिलिटर ऑक्सिजन नेईल, आणि १० असेल तर फक्त १३.४. दोघींचे हृदय सारख्याच वेगाने चालले तरी दुसरीच्या पायांना जवळजवळ तीस टक्के ऑक्सिजन कमी मिळेल. बसल्या जागी हा तुटवडा जाणवत नाही. ८०० मीटर धावायला लागले की जाणवतो. म्हणजे पुष्कळदा व्यायामाने अशक्तपणा आणलेला नसतो. आधीपासून असलेला अशक्तपणा व्यायामाने उघडा पाडलेला असतो.

म्हणून धावण्याच्या तयारीला लागणाऱ्या प्रत्येक मुलीने, आणि शक्यतो मुलानेही, आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पंधरा वर्षांवरील मुलींत ते १२ ग्रॅमपेक्षा आणि प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर उपचार हवेत. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या व जंतांच्या गोळ्या मुले खिशात घालून नेतात आणि टाकून देतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. त्या गोळीचा आणि ८०० मीटरच्या वेळेचा संबंध मुलीला समजावून सांगितला, तर ती गोळी पोटात जाण्याची शक्यता वाढेल. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातील लोह कमी शोषले जाते. लिंबू, पेरू, आवळा यांमुळे ते अधिक शोषले जाते.

झोप, ऊन आणि शेतातले काम

खेड्यातील मुलाचा व्यायाम हा त्याच्या दिवसातला एकमेव श्रम नसतो. कांद्याची काढणी किंवा बटाट्याची लागण चालू असेल तर पहाटे धावून तोच मुलगा दिवसभर शेतात वाकलेला असतो. शरीर दोन्ही श्रमांची बेरीज करते. अशा दिवसांत धावणे कमी करणे हा आळस नव्हे.

दुसरी कात्री लागते झोपेला. रात्री अकरापर्यंत मोबाईल आणि पहाटे चारला उठणे म्हणजे पाच तासांची झोप. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. शरीराच्या दुरुस्तीला मदत करणारे वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते. झोप कापून केलेला व्यायाम म्हणजे दुरुस्तीचे दुकान बंद ठेवून मोडतोड चालू ठेवणे होय. शिवाय जुन्नर-आंबेगाव भागात उसाच्या शेतांलगत बिबट्यांचा वावर आहे. त्यामुळे अंधारात एकट्याने धावायला जाण्यापेक्षा उजाडल्यावर मिळून जाणे सर्वच दृष्टींनी शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट उष्णता. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. ती घालवण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम वाळणे. हवा दमट असेल तर घाम गळतो, पण वाळत नाही, आणि शरीर तापत जाते. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. गावी थंड पहाटे सराव केलेला उमेदवार जूनच्या उकाड्यात जिवाच्या आकांताने धावतो, तेव्हा ही सवय त्याला नसते. धावताना कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंगभर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. पाणी ओतण्याचे काम वाहनाची वाट पाहत थांबवू नये.

सवय कशी होते?

हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ताणाला शरीर कसे तोंड देते याच्या तीन अवस्था सांगितल्या : आधी धक्का, मग जुळवून घेणे आणि ताण न थांबल्यास खचणे. नव्या व्यायामातला थकवा ही पहिली अवस्था. विश्रांती मिळाली तर दुसरी येते, न मिळाल्यास तिसरी. १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर बारा आठवडे धावायला लावले, तेव्हा त्यांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. बारा आठवडे, बारा दिवस नव्हे!

बैलगाडा शर्यतीचा नाद असलेल्या आपल्या भागात हे समजावणे अवघड नाही. कोणताही शहाणा गाडामालक नव्या बैलाला पहिल्याच दिवशी घाटात पूर्ण वेगाने पळवीत नाही. जे बैलाला लागू, ते मुलालाही लागू आहे.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक दिवसाआड धावावे. बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलताना वाक्य तुटू लागले की चालावे. पाच मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे असे तीन-चार वेळा केले तरी पुरे. दर आठवड्याला अंतर थोडेच वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे. वेगाचा सराव सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर सुरू करावा. म्हणजेच तयारी जाहिरात निघाल्यावर सुरू करून चालत नाही, तिला तीन-चार महिने लागतात.

केव्हा थांबावे?

दोन-तीन आठवड्यांनी थकवा उतरू लागायला हवा. मेहनत कमी करून, झोप व जेवण सुधारूनही तो वाढतच असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे ही क्षयाची लक्षणे असू शकतात. सारखी तहान व लघवी हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. मुलींची पाळी बंद झाली तर आहार अपुरा पडत असण्याचा संभव असतो. ताप असताना किंवा ताप नुकताच उतरलेला असताना धावू नये, कारण काही विषाणूंचा हृदयाच्या स्नायूवरही परिणाम होतो.

पुढील गोष्टी घडल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा : धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, छाती अकारण धडधडणे, किंवा कठोर मेहनतीनंतर काळ्या चहासारखी लघवी होणे. हे शेवटचे लक्षण स्नायूतंतू मोठ्या प्रमाणात फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरल्याचे असते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तालमीत पहिल्याच दिवशी पैजेवर शेकडो बैठका काढणाऱ्यांत हे घडू शकते. कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर तयारीला लागण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी. अशा तपासण्या सरकारी दवाखान्यांतही होतात.

वर्गात करून पाहा

मोसोचा प्रयोग कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने करता येतो. अंगठा व तर्जनी यांच्यात चिमटा धरून एका मिनिटात तो पूर्ण किती वेळा उघडता येतो ते मोजावे. न थांबता असे पाच वेळा करून आकडे आलेखावर मांडावेत. मग तीन मिनिटे विश्रांती देऊन पुन्हा मोजावे. दुसऱ्या दिवशी गणिताच्या चाचणीनंतर तोच प्रयोग करून दोन्ही आलेख शेजारी ठेवावेत.

दुसरा प्रयोग नाडीचा. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटाची नाडी मिनिटभर मोजून रोज वहीत लिहावी. धावणाऱ्या मुलांनी हे दोन महिने केले, तर बहुतेकांचा आकडा हळूहळू उतरताना दिसेल. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेला आढळला, तर आदल्या दिवशीची मेहनत, झोप किंवा अंगातला ताप यांपैकी काय कारण असेल ते शोधावे आणि त्या दिवशी धावणे टाळावे. वहीतली ही नोंद पाहून विश्रांती घ्यायला शिकलेला विद्यार्थी मैदानावर अधिक काळ टिकेल, आणि भरतीच्या दिवशी स्वतःच्या शरीराची सूचना त्याला वेळेवर ऐकू येईल.